झाडाच्या दोन्ही बाजूंना

गोथेनबर्ग, ३ मार्च १९६८

प्रिय रिस्तीनताई,

नाताळात तू पाठवलेलं वाळलं मांस अजून पुरवून पुरवून खाते आहे. डबा उघडला की सगळ्या खोलीत आपल्या तंबूचा वास सुटतो. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काही जळतंय का म्हणून.

ताई, मला या जूनमध्ये यायचं आहे. तुझ्या घरी बाकावर बसून कॉफी प्यायला नव्हे. मोठ्या सरोवराच्या पलीकडच्या काठावरून पायी गारासवाग्गेच्या दरीपर्यंत जायचं आहे, लहानपणी आपण आपापल्या आयांच्या मागून जायचो तसं. वाटेत उघड्यावर झोपत. आणि कळप खिंडीतून दरीत उतरतो तेव्हा तिथे उभं राहायचं आहे. शेवटचा पाहिला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढच्या हिवाळ्यात गोस्ताशी लग्न केलं आणि दक्षिणेला आले. गोस्ता जाऊन दोन वर्षं झाली. शिवणकामाच्या कारखान्यात आता माझ्यावाचून काही अडत नाही.

तयारी सुरू केली आहे. दुकानातला पोरगा फार मदत करतो. नारिंगी तंबू घेतला, लांबून दिसावा म्हणून. जाड तळव्याचे बूट, पेटीतली शेगडी आणि एक होकायंत्रही घेतलं. अजून काय लागेल ते कळव.

तुझ्याकडे आता किती रेनडियर आहेत? कळप पूर्वीएवढाच मोठा आहे का? मला माझी मादी अजून आठवते, मला पहिला दात आला म्हणून काकांनी, तुझ्या बाबांनी, दिली होती तिच्या पोटची. तिच्या कानावर सुरीनं कापलेली मालकीची खूण तुझीच, फक्त डाव्या कानाला मागून एक खाच जास्त. आपल्याबाहेरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून कायद्यानं माझी खूण रद्द झाली, रेनडियर पाळायचा हक्कच गेला, आणि त्याच वर्षी तू लिहिलंस की मादीला लांडग्यानं खाल्लं. तेव्हा रडले नाही. म्हटलं, बरंच झालं, सगळं एकदमच गेलं.

तुझी,
सुन्ना

•

साव्नालुस्पे, १९ मार्च

सुन्ने,

पत्र मिळालं. अक्षर एवढं मोठं का काढतेस? एका पानात चार वाक्यं मावली. मी शाळेत जेमतेम तीन हिवाळे काढले, तरी माझं अक्षर कसं मुंगीएवढं आहे बघ. तिकडे कागद फुकट वाटतात की काय?

तंबू परत कर. तो नारिंगी रंग बघितला तर कळप थेट नॉर्वेत जाईल, आणि बीएराला तो आणायला सीमेपलीकडे जाऊन तिथल्या लोकांच्या शिव्या खाव्या लागतील. आपला राखाडी कापडाचा तंबू आहे, तो घेऊ. होकायंत्र त्या पोरालाच दे, त्याला घर सापडायला उपयोगी पडेल. गारासवाग्गेला जायचं तर पाणी येतं त्या बाजूला चालायचं. याच्यापेक्षा जास्त काय सांगायचं असतं?

बूटही परत कर. ओले झाले की ते वाळत नाहीत, पाय कुजतात. कागदावर पाय ठेवून कडेनं रेघ मारून पाठव, मी शिवते. आत मोजे नाहीत, गवत भरायचं. गेल्या ऑगस्टात मी कापून, कुटून, वेण्या घालून ठेवलंय. ते कसं भरायचं विसरली असशील तर मला सांगू नकोस, लाज वाटेल.

आता दुसरं. किती रेनडियर आहेत असं तू विचारलंस. पत्र वाचताना बीएरानं कॉफीचा पेला खाली ठेवला. तिकडे माणसं एकमेकांच्या खिशात हात घालून मोजतात वाटतं? सरकारी साहेब विचारतो, ते त्याचं पोट आहे. पण तू? आपल्यात असं कोणी विचारलं तर काय म्हणतात तेही विसरलीस? झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत, एवढंच म्हणतात. तुला तेवढंच उत्तर.

आणि का येतेस ते लिहिलं नाहीस. सत्तावीस वर्षं सुचलं नाही, ते यंदाच का?

रिस्तीन

•

गोथेनबर्ग, २ एप्रिल

प्रिय रिस्तीनताई,

वाचून हसले आणि मग लाजेनं लाल झाले. खरंच विसरले होते. बीएराभावजींना माझ्यातर्फे माफी माग.

पायाची रेघ सोबत आहे. डावा पाय थोडा वाकडा आलाय. त्याचं कारण आणि माझ्या मोठ्या अक्षराचं कारण एकच आहे, तेव्हा सांगूनच टाकते.

माझे डोळे जात आहेत, ताई. एकदम नाही. कडेनं अंधार आत येतोय. आता मला जग कॉफीच्या डब्याचं बूड काढून त्यातून बघावं तसं दिसतं. समोर स्वच्छ, आणि बाजूला काहीच नाही. रस्ता ओलांडताना ट्राम ऐकू येते, दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, हे भोक बारीक होत होत बंद होईल. कधी ते त्यांनाही सांगता येत नाही. हिवाळ्यापर्यंत, कदाचित थोडं पुढे. शिवणकाम चाललंय, कारण कापड मला बोटांनीच कळतं. नाहीतर मला केव्हाच काढून टाकलं असतं.

त्या दिवशी बसच्या काचेतून बघताना मनात आलं, हे सगळं बंद व्हायच्या आधी मला एकच गोष्ट बघायची आहे. समुद्र नको, गोस्ताचे फोटोही नकोत. कळप दरीत उतरताना.

माझी कीव करू नकोस. तू केलीस तर मी यायची नाही.

सुन्ना

•

साव्नालुस्पे, २० एप्रिल

सुन्ने,

कीव करायला मला वेळ नाही. बर्फ मऊ व्हायला लागलाय, माद्या व्यायला डोंगराकडे निघाल्यात, बीएरा स्कीवर त्यांच्या मागे गेलाय. घरात मी, चूल आणि तुझे बूट. डाव्या पायाची रेघ वाकडी होती, म्हणून उजवी उलटी करून डावा कापला. माणसाचे पाय तेवढे सारखेच असतात.

तर ऐक. मी तुझ्यापुढे चालीन. पाठीला लाल पट्टा बांधीन. तुझ्या डब्याच्या भोकातून एक लाल पट्टा दिसला म्हणजे झालं, बाकीचं जग माझ्याकडे. ओढा ओलांडताना माझ्या कमरेचा पट्टा धरायचा. दगडावर पाय ठेवायच्या आधी काठीनं चाचपायचं. उरलेला वेळ गप्प राहायचं, कारण मला चालताना बडबड आवडत नाही.

खायला वाळलं मांस, चीज, लोणी, मीठ, पीठ. भाकरी दगडावर भाजू. कॉफी तू तिकडून आण, इथे महाग आहे. डासांसाठी डांबराचं तेल मी घेते. वास येईल. येऊ दे.

झोपायच्या जागेचं तुला आठवतं ना? जागा सापडली की अंथरुण टाकायच्या आधी खालच्यांना, जमिनीखाली राहतात त्यांना, विचारायचं. हसू नकोस. तुझ्या आईनं कधी न विचारता पाठ टेकली नाही. आम्ही दोघी आहोत, रात्रभर राहू, घाण करणार नाही, चालेल का, एवढंच. झोप लागली तर चाललं. नाही लागली, अंगाखाली काही तरी ढकलतंय असं वाटलं, तर आपण कोणाच्या तरी वाटेवर आडवे पडलोय. मग उठायचं आणि तंबू हलवायचा. वाद घालायचा नाही. पाऊस असला तरी हलवायचा. पाद्रीबुवांना यातलं काही सांगायचं नाही, त्यांची झोप उडेल.

कळप मी तुला दाखवीन. खिंडीच्या खाली मोठा खडक आहे, त्याच्यावर तुला बसवीन. तुला तिकडे आणखीही एक गोष्ट दाखवायची आहे. काय ते विचारू नकोस. विचारलंस तर दाखवणार नाही.

तुझं मी कोणाला सांगितलं नाही. बीएराला सांगितलं, पण त्याला सांगणं आणि दगडाला सांगणं सारखंच.

रिस्तीन

•

जिल्ह्याचं इस्पितळ, २९ मे

सुन्ने,

खुबा मोडला. पाणी आणायला गेले होते, बर्फावर नव्हे, साध्या चिखलावर घसरले. म्हातारी बाई बर्फावर पडली तर लोकांना वाईट वाटतं, चिखलावर पडली तर हसू येतं. नर्स मला 'आजी' म्हणते. तिला सांगितलं, बाई, मी बावन्न वर्षांची आहे आणि तुझ्यापेक्षा जास्त वजन पाठीवरून डोंगरावर नेलंय.

पाय टांगून ठेवलाय. पानगळीपर्यंत चालायचं नाही म्हणतात.

मी येणार नाही. तू जा. बीएरा नेईल.

रिस्तीन

•

गोथेनबर्ग, ४ जून

प्रिय रिस्तीनताई,

मी पुढच्या उन्हाळ्यात येईन. तुझ्याशिवाय नाही जायचं मला. भावजींशी मी सगळ्या आयुष्यात दहा वाक्यंही बोलले नसेन. त्यांच्या कामाच्या दिवसांत एका अर्ध्या आंधळ्या बाईला डोंगरावर न्यायचं ओझं कशाला? तू बरी हो. पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ, लाल पट्टा बांधून.

बूट जपून ठेव.

सुन्ना

•

इस्पितळ, ११ जून

सुन्ने,

पुढच्या वर्षी तुला काय दिसणार आहे?

मी कठोर बोलते म्हणून तू लग्नानंतर मला वर्षभर पत्र लिहिलं नव्हतंस. आताही लिहू नकोस. पण गाडीत बस. रेल्वेनं योकमोक्क, तिथून टपालाची बस, शेवटच्या थांब्यावर बीएरा होडी घेऊन उभा असेल. बूट त्याच्याकडे दिलेत. पट्टाही दिलाय. बांधायला तयार नव्हता, बायकी दिसतो म्हणे. मी म्हटलं, डोंगरावर तुला कोण बघणार, अस्वल?

काय दाखवायचं तेही त्याला सांगितलंय. बोलत नाही, पण सांगितलेलं करतो. म्हणून तर लग्न केलं.

रिस्तीन

•

गारासवाग्गे, ८ जुलै

प्रिय रिस्तीनताई,

हे पत्र खाली जाणाऱ्या होडीबरोबर देते आहे. अक्षर वाकडं असेल. गुडघ्यावर फळी ठेवून लिहिते आहे. मुख्य गोष्ट शेवटी सांगते, नाहीतर तू मधलं वाचायची नाहीस.

भावजी होडीपाशी उभे होते, लाल पट्टा बांधून. मला बघून म्हणाले, "बूट." बसून घातले. मी गवत भरताना त्यांनी नीट पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर भरलं असणार. रान्ने कुत्र्याच्या पाठीवर दोन बाजूंना मिठाच्या नि पिठाच्या पिशव्या होत्या. तोच पुढे, मग भावजी, मग मी.

ताई, मी विसरले होते ग. किती मोठं आहे ते विसरले होते. माझ्या भोकातून सगळं एकदम दिसत नाही, तुकड्या-तुकड्यानं दिसतं. एक बर्चचं पान, त्यावर थेंब. मान वळवली की बर्फाचा पट्टा. आणखी वळवली की पाणी. आणखी, आणि अजून डोंगरच. मान वळवत राहिले आणि तो संपलाच नाही. तुम्ही दोन डोळ्यांनी एका नजरेत बघता आणि पुढे चालता. मला तो शिवणीसारखा टाक्या-टाक्यानं बघावा लागला, तेव्हा कळलं त्याला किती कापड लागलंय. उभी राहिले की भावजी थांबायचे. घाई कर असं एकदाही म्हणाले नाहीत. नदीचा आवाज एवढा होता की पायाखालचा दगड हलतोय असं वाटायचं. आणि तो आवाज असताना जी शांतता होती, ती मी दक्षिणेत कोणाला सांगू शकले नसते. तुला सांगायची गरज नाही.

मग धुकं आलं.

खिंडीच्या खाली पोचलो आणि दरी दुधात बुडाली. माझं भोकही गेलं. पांढरं, नुसतं पांढरं. हिरवळीच्या सपाट जागी भावजींनी तंबू टाकला. मी खालच्यांना विचारलं. मोठ्यानं विचारायला लाज वाटली, म्हणून पुटपुटले. भावजी मुद्दाम पाठ करून कॉफी उकळत बसले, पण टोपी काढली होती.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी तंबूच्या तोंडाशी बसून राहायची. वाटलं, एवढ्या लांब आले, ती पांढरा कागद बघायला. मी भावजींवर चिडले, तुझ्यावर चिडले, डॉक्टरांवर चिडले. म्हणाले, कळप गेला असेल पलीकडून. ते म्हणाले, "नाही." बस्स, एवढंच.

त्या रात्री मला झोप येईना. रात्र कसली, उजेडच तो. अंगाखालची जमीन ढकलत होती, ताई. तू लिहिलंस तसं. मनाची समजूत घातली, वय झालं, पाठ दुखतेय. पण तुझं वाक्य आठवलं, वाद घालायचा नाही. शेवटी भावजींना हलवलं आणि म्हटलं, आपण वाटेवर आहोत. मला वाटलं, बडबडतील. ते उठले, खुंट्या उपटल्या, आणि तंबू ओढत खडकाच्या आडोशाला आणला. परत झोपलेसुद्धा नाहीत. रान्नेचं तोंड हातात धरून बसले.

पहाटे त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"आली," ते म्हणाले.

"मला दिसत नाही."

"मलाही नाही. त्यांनाही नाही."

"मग चालतात कशी?"

"ऐक."

आधी काहीच नव्हतं. मग लांब कुठे तरी टिक. टिक टिक. त्यांच्या घोट्यांचा आवाज, ताई. प्रत्येक पावलाला शीर हाडावरून सरकते तो. लहानपणी आपण तो ऐकलाच नसेल, कारण आपल्याला दिसत होतं. आता तो वाढत आला. दहा पायांचा, मग शंभरांचा, मग पाऊस पानांवर पडतो तसा, आणि मग पावसाला वेगवेगळे थेंब उरले नाहीत. पाडसं घोगऱ्या आवाजात आईला हाका मारत होती, आया तशाच उत्तर देत होत्या. तेवढ्या गर्दीत प्रत्येक जण एकालाच बोलावत होता. मधेच धुक्यातून एक शिंग आलं, परत गेलं. एक श्वास माझ्या गालाला लागला, गरम, शेवाळाचा वास असलेला. मी हात पुढे केला नाही. तो सगळा कळप आमच्या मूळ जागेवरून गेला, ज्या हिरवळीवर आम्ही झोपलो होतो तिच्यावरून. जमीन थरथरत होती. मी कधी गुडघ्यावर बसले ते कळलं नाही. शेजारी भावजीही बसले होते.

मी बघायला आले होते. काहीच पाहिलं नाही. पण ताई, जे मी बघायला आले होते ते मी आता डोळे मिटूनही हरवणार नाही. अंधार आत येतोय तर येऊ दे. त्याच्यात चालताना काय ऐकायचं ते मला कळलंय.

आता ती मुख्य गोष्ट.

धुकं उठल्यावर पाडसांच्या कानांवर खुणा करायला सगळे कुंपणाशी जमले. आपल्या वस्तीतल्या मार्गेतआजी आल्या होत्या, गणतीचा तो सरकारी साहेबही आला होता. फास उडत होते, पाडसं धावत होती, माझ्या भोकातून मला नुसते पाय आणि धूळ दिसत होती. भावजींनी एक पाडस ओढत आणलं आणि माझ्या मांडीत दिलं. त्याची आई मागे मागे आली, माझ्या कानाशी घोगरं ओरडत. भावजींनी सुरी काढून माझ्या हातात ठेवली.

मी म्हटलं, "कोणाची खूण करायची?"

"आईचा कान बघ."

मला दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझा हात धरून तिच्या डाव्या कानावर ठेवला. मी बोटं फिरवली. तुझी खूण होती. आणि मागून एक खाच जास्त.

मी परत फिरवली. कापड बोटांना खोटं सांगत नाही, कानही सांगत नव्हता. दुसऱ्या मादीला आणलं. तीच खाच. मी सुरी तशीच धरून बसले. भावजी म्हणाले, "काप. पाडस दमलंय."

त्याच वेळी मार्गेतआजींनी साहेबाला कॉफी दिली, आपल्या रीतीप्रमाणे आत चीज, पण एवढा मोठा तुकडा घालून की तो चावण्यात त्याचं तोंड अडकून पडलं. बाकीच्या सगळ्यांनाही एकदम कॉफीची तहान लागली, आणि सगळे पाठ करून उभे राहिले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे, ताई. सगळ्या उन्हाळ्यांत ठाऊक होतं.

मी कापलं. डोळे मिटून. पाडस उठलं, अंग झाडलं आणि आईच्या मागे गेलं.

लांडग्यानं खाल्लं असं तू लिहिलं होतंस.

सुन्ना

•

साव्नालुस्पे, २१ जुलै

सुन्ने,

घरी आणलंय. दोन काठ्यांवर चालते. नर्सला निघताना सांगितलं, आजी चालली. रडली मूर्ख.

लांडग्यानं खाल्लं असं लिहिलं होतं, तर खाल्लं असेल. लांडगा म्हणजे काही सरकार नव्हे, गिळलं की गिळलं. कधी कधी ओकतोही. आणि माझी सुरी जुनी आहे. मागच्या बाजूला निसटते. दर उन्हाळ्यात निसटते, काय करू. हे असलं पुन्हा पत्रात लिहू नकोस. साहेबाचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं आहे.

बीएरा म्हणाला, तू सरळ कापलंस. एवढंच म्हणाला, पण जेवताना दोनदा म्हणाला.

पुढच्या जूनला ये. मला चालता येईल आणि तुला दिसणार नाही. मग पट्टा कोणीच बांधायला नको. तू पुढे हो, तुला ऐकू येतं. मी मागून येईन आणि गप्प राहीन, यायचंच असलं तर. कॉफी जास्त आण.

आणि मार्चात तू एक विचारलं होतंस. मी रागावले होते. आता सांगते. झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत. एका बाजूची तुझी.

रिस्तीन